वरच्या वर्गाची नोंदवही

३ मार्च

ती. मामांना नमस्कार,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारत राहिलं आणि तुम्ही वैतागून "पत्र टाक" म्हणून फोन ठेवून दिलात. तर हे पत्र. काम आहे म्हणून भाचीला मामा आठवला, असं तुम्ही म्हणणारच, तेव्हा मी आधीच कबूल करते. मामी ताईच्या बाळंतपणाला गेल्यात, म्हणजे तुम्हाला वेळ असेल आणि टोकायला कुणी नसेल.

आमच्या शाळेत पाचवीचे दोन वर्ग आहेत. खालचा जुन्या दगडी इमारतीत, गार आणि ऐसपैस. वरचा चार वर्षांपूर्वी गच्चीवर पत्रे टाकून केलेला. तो माझा. मुलं छप्पन्न. एका बाजूच्या खिडक्यांसमोर लाँड्रीचं धुराडं, म्हणून त्यांना खिळे ठोकलेत. दुसऱ्या बाजूला रस्ता. तिथल्या खिडक्या आवाजामुळे बंद ठेवायचा मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, हुकूम आहे. पंखे दोन, त्यातला एक नुसता कुरकुरतो.

सहामाहीला ज्यांना कमी गुण पडतात त्यांना वर पाठवतात. वार्षिकलाही जी मागे राहतात, ती पुढच्या वर्षी हस्तकौशल्याच्या शाळेत जातात. ती शाळा काही वाईट नाही, पण तिथे गणित बेरीज-वजाबाकीपाशी थांबतं आणि तिथून परत कुणी येत नाही. चार वर्षं मी पण सगळ्यांसारखं म्हणत आले, की वरची मुलं जरा मठ्ठच. मागच्या महिन्यात दोन दिवस पत्र्यांची दुरुस्ती निघाली म्हणून मी वर्ग जिन्यात भरवला. पायऱ्यापायऱ्यांवर बसून त्याच मुलांनी तीच गणितं सोडवली, मामा, आणि मी वह्या तपासताना दोनदा नावं बघितली. वर दहातली चार जमणाऱ्याला खाली सात-आठ जमत होती. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा वर गेलो आणि पुन्हा चार.

त्यात एक शिंप्याची मुलगी आहे. चणीने लहान, म्हणून वर्गाने तिला बटण नाव ठेवलंय. सहामाहीला तापाने दोन पेपर बुडाले आणि ती वर आली. गणित संपलं की माझ्या टेबलापाशी येऊन म्हणते, "अजून एक द्या ना, अवघड द्या." ही मुलगी केवळ खोलीपायी तिकडे गेली तर मला चैन पडणार नाही.

नियम असा आहे: दुपारी दोन वाजता पस्तीस अंशांच्या वर, तीस दिवसांतले निदान दहा दिवस, अशी नोंद शिक्षणाधिकारी साहेबांना दाखवली तर त्या खोलीत परीक्षा घेता येत नाही, खालच्या हॉलमध्ये घ्यावी लागते. नोंद मात्र 'शास्त्रीय पद्धतीने' घेतलेली हवी. शास्त्रीय म्हटल्यावर मला जगात एकच माणूस आठवला.

तुमची घाई

८ मार्च

चि. घाई हिला आशीर्वाद,

एकतीस वर्षं वेधशाळेत नोकरी केली, निवृत्त होऊन नऊ झाली, आणि इतक्या वर्षांत माझ्याच घरातल्या कुणी मला तापमान कसं घ्यायचं हे विचारलेलं नव्हतं. सूनबाई तर बाल्कनीतला माझा थर्मामीटर कपड्यांच्या दोरीला अडथळा होतो म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं.

सोबत माझा स्वतःचा थर्मामीटर पाठवतो आहे. चार मोज्यांत गुंडाळलाय, मोजे धुतलेले आहेत. नोंदवही पण पाठवतो, रकाने मी आखून दिलेत: तारीख, वेळ, अंश, शेरा. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, डोळा पाऱ्याच्या पातळीला आणून आकडा घ्यायचा. लहानपणी तू पारा थांबायच्या आत आकडा ओरडून मोकळी व्हायचीस, त्यावरूनच तर तुझं नाव पडलं. आता तसं करू नकोस.

कोंदटपणाचं वेगळं यंत्र असतं, ते आमच्याकडे कधी नव्हतं, त्यामुळे त्यात मी आंधळा. पण तापमानात माझा हात कुणी धरणार नाही. एक आठवडा घे आणि मला आकडे कळव, म्हणजे तुझं काही चुकत असेल तर वेळेवर कळेल.

तुझा मामा

१७ मार्च

ती. मामांना,

थर्मामीटर धडधाकट पोचला. मोजे शिपाईकाकांनी मागून घेतले, त्यांना अगदी बसले.

थर्मामीटर वर्गात मधल्या रांगेच्या खांबाला, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर टांगला. पाच दिवसांचे दुपारी दोनचे आकडे: ३८, ३९, ३९, ४१, ४०. अजून उन्हाळा पुरता लागलेलाही नाही. पहिला आकडा बघून मला आनंद झाला आणि मग आनंद झाल्याची लाज वाटली.

शेरे मी असे लिहिलेत: "दीडनंतर सगळ्यांना जांभया." "शेवटच्या बाकावरचे तिघं झोपले." "पेनं हातातून घसरतात, वह्यांना घामाचे डाग." "दोन मुली एका खोडरबरावरून मारामारीवर आल्या, एरवी जिवलग." "बटणचं डोकं दुखलं, उलटी झाली, घरी पाठवली." त्या दिवशी तिला मी मुद्दाम सोपी भागाकाराची उदाहरणं दिली होती. वहीवर नुसते आकडे मांडून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, येतंय मला, पण सापडत नाहीये."

मोठ्या बाईंना नोंदवही दाखवली. म्हणाल्या, "बघा बाई, साहेब काटेकोर आहेत. चूक निघाली तर शाळेचं नाव जाईल." म्हणून तुम्ही एकदा नजर घाला.

तुमची घाई

२१ मार्च

चि. घाई हिला आशीर्वाद,

बरं झालं आधी मला दाखवलंस. रागावू नकोस, पण हे पाचही आकडे रद्द आहेत. आमच्याकडे नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर पारा पुसायला बसवलं असतं.

तू थर्मामीटर पत्र्याच्या छपराखाली, चार भिंतींच्या आत, छप्पन्न पोरांच्या श्वासात टांगलास! मग तो हवेचं तापमान दाखवेल की छपराचं आणि पोरांचं? नीट लिहून घे. थर्मामीटर सावलीत हवा. वारा खेळता हवा. जमिनीपासून चार फूट. छपरापासून, भिंतीपासून, धुरापासून लांब. उत्तरेकडे तोंड. आणि माणसाच्या श्वासाजवळ तर कधीच नाही. आम्ही आकडा घेतानासुद्धा श्वास रोखून धरायचो. भोवती पट्ट्यापट्ट्यांची लाकडी पेटी करून घे, म्हणजे वारा आत येईल आणि ऊन येणार नाही.

दुसरं म्हणजे तुझे शेरे. ते वाचून वाईट वाटलं, पण शेऱ्याच्या रकान्यात आकाश, वारा, पाऊस एवढंच येतं. उलटी आणि खोडरबर येत नाही. असली नोंदवही जाणत्या साहेबाच्या हातात पडली तर तो पहिल्या पानालाच फाडून टाकेल आणि तुझी मुलं तिथेच राहतील. ही पाच पानं लाल शाईने खोड, वर "चुकीची नोंद" असं लिहून सही कर. पान फाडू मात्र नकोस. खोडलेलं पान दिसलं की नोंदवही प्रामाणिक आहे हे कळतं.

तुझा मामा

२९ मार्च

ती. मामांना,

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. पाच पानं खोडली, सही केली. शाळेतल्या सुताराकडून पेटी करून घेतली. तुम्ही म्हणता तशी जागा वर्गात कुठेच नव्हती, म्हणून सगळी शाळा पालथी घातली. शेवटी मागच्या कुंपणाशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उत्तरेला सापडली. तिथे झुळूक असते आणि जवळपास कुणी फिरकत नाही. पेटी इतकी सुबक झालीय की पक्ष्यांचं घर समजून मुलं तिच्यात दाणे टाकून गेली.

कालपासून नोंद सुरू केली. दुपारी दोनला वर्गाला पाढे लिहायला लावते आणि धावत खाली येते. काल ३२, आज ३३. शेरा: आकाश निरभ्र, वारा मंद.

एक विचारू? आकडा घेऊन परत वर गेले की दारातच हवा तोंडावर येते, अगदी भट्टीचं दार उघडल्यासारखी. आत खूपच जास्त वाटतं हो. जिना चढून आल्यामुळे मला तसं वाटत असेल का?

बटणने काल बाकावर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली. मी हलवलं तर दचकून उठली आणि म्हणाली, "झोपले नव्हते, बाई." सगळा वर्ग हसला. माझ्या टेबलापाशी अवघड गणित मागायला ती दोन आठवड्यांत आलेली नाही.

तुमची घाई

३ एप्रिल

चि. घाई हिला आशीर्वाद,

शाब्बास. जागा उत्तम निवडलीस. टाकीची सावली, उत्तर दिशा, माणसांचा वावर नाही. मला दिलेल्या पहिल्या केंद्रावरसुद्धा इतकी चांगली जागा नव्हती. पेटीचं वर्णन वाचून मला प्रत्यक्ष येऊन बघावंसं वाटलं, पण गुडघे ऐकत नाहीत.

"वाटतं" म्हणतेस, ते मनाला लावून घेऊ नकोस. जिना चढलं की माणसाला गरम होतंच. अंगाला काय वाटतं ते नोंदवहीत येत नाही, म्हणून तर नोंदवहीवर जग विश्वास ठेवतं. आकडे कमी आहेत म्हणून हिरमुसू नकोस. एप्रिल सगळा पुढे आहे, पारा आपोआप चढेल. एकही दिवस चुकवू नकोस. तीसच्या तीस नोंदी स्वच्छ असल्या की त्यांना बोट ठेवायला जागा राहणार नाही.

तुझ्या त्या मुलीला पाणी पाजत जा.

तुझा मामा

५ मे

ती. मामांना,

झालं एकदाचं! तीस दिवसांच्या तीस नोंदी, एकही खाडाखोड नाही, एकही दिवस बुडालेला नाही. मध्ये मला स्वतःला ताप होता, तरी रिक्षाने येऊन दोनचा आकडा घेऊन गेले. मोठ्या बाईंनी नोंदवही बघितली आणि प्रथमच म्हणाल्या, "याला म्हणतात काम." शिक्का मारून काल साहेबांकडे गेली.

पस्तीसच्या वर किती दिवस गेले ते मी मोजलं नाही. खरं सांगते, मोजायची भीती वाटली. शेवटी शेवटी ३५, ३६ लागत होतं, तेव्हा भरले असतील असं धरून चालले. आणि अर्जाबरोबर मी चार पानी पत्र जोडलंय, त्यात वर्गात काय होतं ते सगळं लिहिलंय. आकडे आणि पत्र मिळून माणसाला पाझर फुटायला हवा.

बटणच्या वडिलांना मी आधीच सांगून बसले की यंदा परीक्षा खाली हॉलमध्ये होईल. ते मशीनवरून उठले नाहीत, पण पायडल थांबवलं आणि म्हणाले, "खाली झाली तर पोरगी नक्की निघेल, बाई. घरी ओट्यावर बसून सगळं सोडवते." परीक्षा २४ मेला आहे.

तुमची घाई

१४ मे

ती. मामांना,

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"सदर खोलीच्या तापमानाची नोंदवही तपासली. नोंद शास्त्रीय पद्धतीने व नियमितपणे घेतल्याचे दिसून येते. तीस दिवसांपैकी सहा दिवस तापमान पस्तीस अंशांच्या वर आहे. नियमाप्रमाणे दहा दिवस आवश्यक. शेऱ्यांवरून वारा वाहता असल्याचेही दिसते. आरंभीच्या पाच जास्त तापमानाच्या नोंदी शिक्षिकेने स्वतःच चुकीच्या म्हणून रद्द केल्या आहेत. सबब खोली परीक्षेस योग्य आहे."

माझ्या चार पानी पत्राचा त्यात उल्लेखही नाही. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि त्याची एक प्रत वर्गात दर्शनी भागी लावायला सांगितली, पालकांची तक्रार नको म्हणून. मी स्वतः खुर्चीवर चढून ती डकवली. घामाने डिंक सुटतो, दोनदा पडली.

माझं काय चुकलं, मामा? तुम्ही सांगितलंत त्यातलं मी एक अक्षर सोडलं नाही.

घाई

१९ मे

चि. घाई,

तुझी मामी काल परत आली. आल्या आल्या तुझी सगळी पत्रं घेऊन बसली. मी बाजूला पेपर वाचत होतो. शेवटचं पत्र खाली ठेवून तिने एवढंच विचारलं, "अहो, ही पोरं परीक्षेला पाण्याच्या टाकीमागे बसणार आहेत का?"

मी म्हटलं, नाही, ती वर बसतात.

"मग थर्मामीटर तिथे का टांगायला लावलात?"

घाई, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने पडला नव्हता. आम्ही मोजायचो ती गावावरची हवा. ती मोजताना छप्पर, भिंती, श्वास बाजूला ठेवावे लागतात, हे बरोबरच आहे. पण तुला गावाची हवा कुठे हवी होती! तुला पोरं ज्यात बसतात ती हवा मोजायची होती, आणि ती छप्पर आणि श्वास यांचीच बनलेली होती. तू पहिल्या दिवशी खांबाला टांगलास तेच बरोबर होतं. तुझे ३८, ३९, ४१, सगळे बरोबर होते. मी ते तुला तुझ्याच हाताने खोडायला लावले. तू विचारलंसही, आत जास्त वाटतं म्हणून, आणि मी तुला जिन्याचं कारण देऊन गप्प केलं. इतका मूर्खपणा माझ्या हातून आजवर झाला नव्हता, आणि झाला तो तुझ्या कामात.

पण परीक्षेला अजून पाच दिवस आहेत. साहेबांना मी आजच रजिस्टर पत्र टाकलं आहे. मी कोण, किती वर्षं हे काम केलं, ही पद्धत मी शिकवली आणि ती खोलीसाठी चुकीची होती, सगळं लिहिलं आहे. खाली माझा जुना हुद्दाही घातला. तू रोज थर्मामीटर वर्गात टांग आणि आकडे घे. खोडलेल्या पानांवर "नोंद बरोबर होती" असं लिहून पुन्हा सही कर.

तुझा मामा

३० मे

ती. मामांना,

उशिरा लिहितेय. लिहावंसं वाटत नव्हतं.

नोंदवही साहेबांकडे जमा आहे, ती परत मिळत नाही. तुमचं पत्र दुसऱ्याच दिवशी हातात पडलं, तेव्हापासून नव्या वहीत चार दिवस वर्गातले आकडे घेतले. ४२, ४३, ४२, ४३. ती वही घेऊन मी परीक्षेच्या आदल्या दुपारी स्वतः कार्यालयात गेले. अडीच तास बाकावर बसले. त्यांच्या खोलीत खिडक्या उघड्या होत्या, पडदे हलत होते. साहेब माणूस वाईट नाही, मामा. पाणी दिलं, बसा म्हणाले. तुमचं पत्र त्यांच्यासमोरच होतं. त्यांनी त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती: "ही नोंद वेधशाळेच्या पद्धतीने, माझ्या देखरेखीखाली घेतली गेली."

म्हणाले, "बाई, इतक्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली घेतलेली नोंद मी खोटी कशी म्हणू?" मी म्हटलं, त्याच पत्रात पुढे लिहिलंय की पद्धत चुकली. ते म्हणाले, "ते वाचलं. पण निकाल विरुद्ध गेल्यावर लिहिलंय. उद्या प्रत्येक जण असंच म्हणेल." नवी वही त्यांनी उघडून बघितली आणि परत दिली. नोंद तीस दिवसांची लागते आणि माझ्याकडे चारच दिवस होते. मी भांडले सुद्धा नाही. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो.

२४ तारखेला परीक्षा वरच झाली. गणिताचा पेपर दीड ते साडेतीन. देखरेखीला मीच होते. मोठ्या बाईंची नजर चुकवून रस्त्याकडच्या दोन खिडक्या उघडल्या, तर बाहेरून ट्रकचे भोंगे आणि धूळ, मुलं कान झाकून लिहायला लागली. पुन्हा लावल्या. एका मुलाच्या नाकातून रक्त आलं. पाण्याची बादली भरून ठेवली होती, ती पाऊण तासात संपली.

बटण तिसऱ्या रांगेत होती. पहिला अर्धा तास भराभर लिहीत होती. मी जवळून जाताना बघितलं, सगळं बरोबर होतं. मग हळूहळू तिचा हात थांबायला लागला. ती पान उलटायची, परत मागे यायची. एकदा तिने माझ्याकडे बघितलं. परीक्षेत मला काही बोलता येत नाही. तिच्या बाकाजवळ उभं राहून मी उपस्थितीपत्रकाने वारा घालायला लागले, तर मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्हाला पण." ते खरंच होतं. मग मी थांबले.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी शिक्षिका आहे, मलाही कळायला हवं होतं.

घाई

४ जून

चि. घाई,

मनाला लावून घेऊ नका म्हणतेस. मी काय करावं ते तरी सांग. मोठ्या बाईंना लिहू? त्या मुलीच्या वडिलांना लिहू? माझी चूक माझ्या नावावर लावून घ्यायला मी तयार आहे, पण ती घेणारं कुणी दिसत नाही. साहेबांना आणखी दोन पत्रं टाकली. एकाला पोच आली, दुसऱ्याला तीही नाही.

बाल्कनीतला थर्मामीटर काढून ठेवला. सूनबाईने का म्हणून विचारलं, तर दोरी मोकळी झाली म्हटलं. मामी म्हणते, तिला पत्र लिहा, उगाच स्वतःला कोसत बसू नका. म्हणून लिहितो आहे. त्या मुलीचं काय झालं ते कळव. वाईट असलं तरी कळव.

मामा

२२ जून

ती. मामांना,

निकाल लागला. वरच्या वर्गातली सतरा मुलं निघाली, एकोणचाळीस मागे राहिली. बटणला गणितात एकतीस. पस्तीस हवे होते. तिचा पेपर मी मागवून घेतला. पहिलं पान सगळं बरोबर, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या पानावर एकच उदाहरण तिने तीनदा उतरवून घेतलंय, तीनदा अर्धवट सोडलंय. पुढची तीन पानं कोरी.

मोठ्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "एकीसाठी नियम वाकवला तर बाकीच्या अडतीस जणांना काय सांगू?" मलाही त्या अडतीस जणांना काय सांगायचं ते माहीत नाही. नव्या वर्षाला वरचा वर्ग पुन्हा माझ्याकडेच दिलाय. मी आत्तापासून खांबाला थर्मामीटर टांगलाय आणि रोज लिहिते. पण यंदा मागे राहिलेल्यांना त्याचा काय उपयोग?

काल तिचे वडील बदलीच्या अर्जावर माझी सही घ्यायला आले होते. बटण बरोबर होती. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं, अगदी टाकीमागच्या पेटीपासून. तुमचं नावही नाही लपवलं आणि माझंही नाही. ते गळ्यातल्या टेपशी चाळा करत मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्यासाठी किती धावपळ केलीत, ते मला माहितीये. पण तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. त्याच खोलीत सतरा पोरं पास झालीच ना? तिचं डोकंच तेवढं. आमच्यात कुणाचंच नव्हतं."

मी म्हटलं, "नाही हो, तिचं डोकं फार चांगलं आहे." ते हसले, समजूत घालणाऱ्या माणसाकडे बघून हसावं तसे. "खोली बरोबर होती असा कागद वर्गात लावलाय, बाई. वाचला मी. साहेब खोटं कशाला लिहितील?"

मी सही केली. न करून चाललं नसतं, नवी शाळा तिला घेणार नव्हती.

ते अर्जाची घडी घालत दाराकडे गेले. बटण मागे रेंगाळली आणि माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता विचारेल काहीतरी.

"बाई, त्या शाळेत गणित फार नसतं ना?"

"फार नसतं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला येतच नाही ते."

तुमची
घाई